ओतीव गोळी, पितळी पुंगळी आणि हरवलेले दोन थाउ

एप्रिलमधल्या एका शनिवारी मी १०० यार्डांवर पाच-पाच गोळ्यांचे सहा ग्रुप मारले. ग्रुप म्हणजे कागदावर पडलेल्या भोकांचा पुंजका, जितका लहान तितका चांगला. पहिला सव्वा इंचाचा आला, दुसरा चार इंचांचा. तिसरा दीड, चौथा साडेतीन. रायफल तीच, गोळ्या एकाच साच्यातल्या, बंदुकीची दारू तेवढीच, खाली वाळूच्या पिशव्या त्याच, आणि वाऱ्याची फीत नुसती लोंबत होती. सगळेच ग्रुप वाईट आले असते तर मी गोळी बदलली असती आणि विषय संपला असता. पण मधेच एखादा ग्रुप इतका सुंदर यायचा की टाकून देववत नव्हतं. त्या सहा कागदांनी माझा पुढचा सगळा उन्हाळा खाल्ला.

मी मूळचा कोल्हापूरचा. वडिलांची, म्हणजे आण्णांची, शिवाजी उद्यमनगरात छोटी फाउंड्री होती. बिडाचं ओतकाम, पंपाचे नि ऑइल इंजिनाचे भाग. शाळेतून आलो की मी वाळू चाळायला उभा असायचो. पुढे मेटलर्जी शिकलो आणि नोकरीनिमित्त अमेरिकेत विस्कॉन्सिनला आलो, तेही फाउंड्रीतच. नेमबाजीचं वेड गावाकडचंच. आमच्या जिल्ह्यानं तेजस्विनी सावंत दिली, राही सरनोबत दिली. २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये स्वप्नील कुसाळेनं कांस्य घेतलं, तेव्हा मी इथे पहाटे उठून एकटाच ओरडलो होतो. पण त्यांचा खेळ .२२ च्या तयार काडतुसांचा. तिथे खेळाडू वेगवेगळे लॉट मारून बघतो आणि आपल्या नळीला मानवणारा लॉट विकत घेतो. मी ज्यात अडकलो तो प्रकार वेगळा: शिशाची गोळी स्वतः ओतायची, वापरलेल्या पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या पितळी नळकांड्यात, स्वतः भरायची आणि मोठ्या रायफलीतून कागदावर मारायची. भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे तिकडे हा घरगुती छंद होऊच शकत नाही. अमेरिकेत स्वतःपुरतं भरायला मुभा आहे, आणि फक्त ओतीव गोळ्यांच्या स्पर्धा घेणारी कास्ट बुलेट असोसिएशन नावाची संघटनाही आहे. १०० आणि २०० यार्डांवर पाच आणि दहा गोळ्यांचे ग्रुप मोजतात. मला तिथे उतरायचं होतं.

रायफल .३०-०६ ची, बोल्टची, जुनी पण जड नळीची टार्गेट रायफल. तांब्याचं कवच असलेली तयार गोळी तिच्यातून सहज इंचाच्या आत बसते. म्हणजे रायफलीत खोट नाही असं मी धरून चाललो होतो. तरी सुरुवात तिथूनच केली, कारण ते सोपं होतं. दुर्बिणीचे स्क्रू तपासले, लाकडाला नळी कुठे टेकते का ते कागदाची पट्टी सरकवून पाहिलं. मग नळी साफ करायला घेतली, आणि चार संध्याकाळी चिंधी निळीच निघत राहिली. आधीच्या मालकानं मारलेल्या गोळ्यांचं तांबं आट्यांत बसलं होतं. तांब्याच्या थरावर शिसं नीट चालत नाही, म्हणून पाचव्या दिवशी चिंधी पांढरी आली तेव्हा मला वाटलं सापडलं. शनिवारी ग्रुप आले सव्वा, साडेतीन, दोन, पावणेचार.

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं की ओतीव गोळीला नेमकं काय हवं असतं. नळीच्या आत पेचदार आटे असतात. आट्यांच्या खाचांतला जो व्यास, त्यापेक्षा गोळी एक-दोन थाउ जाड लागते. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. उद्यमनगरात लेथवरच्या कुणालाही विचारा. गोळी बारीक राहिली तर मागचा जळता वायू तिच्या कडेनं पुढे सुटतो, शिसं कापत नेतो आणि ते नळीला चिकटतं. मग गोळी नळीतून डगमगत निघते. एवढ्यासाठीच आपल्या नळीचं माप आधी काढायचं असतं. मऊ शिशाचं गळाचं वजन तेल लावून लाकडी दांड्यानं हळूहळू ठोकत नळीतून पार काढलं आणि त्यावर उमटलेल्या खुणा मायक्रोमीटरनं मोजल्या: ०.३०८५ इंच. माझी गोळी सायझरमधून, म्हणजे ओतलेली गोळी दाबून नेमक्या मापाची करणाऱ्या साधनातून, काढल्यावर ०.३१०. दीड थाउ जास्त. पुस्तकात लिहितात तसं. मी वहीत त्यापुढे बरोबरची खूण केली आणि तो मुद्दा बंद केला. ही खूण मी किती दिवस तशीच ठेवली, याचं आजही वाईट वाटतं.

मग मी वळलो ओतकामाकडे, आणि खरं सांगायचं तर आनंदानं वळलो. हे माझं घरचं काम. माल म्हणजे टायरवाल्यांकडची चाकांना लावायची वजनं: बहुतेक शिसं, तीनेक टक्के अँटिमनी, जरासं कथील. साचा कडेपर्यंत भरावा म्हणून मी त्यात दोन टक्के कथील वाढवतो. काही राज्यांनी शिशाच्या वजनांवर बंदी घातल्यापासून टायरवाल्याच्या बादलीत जस्ताची नि लोखंडाची वजनं भरपूर निघतात. लोखंड वर तरंगतं, त्याची भीती नाही. जस्त मात्र रसात विरघळलं की अख्खा घाणा वाया. गोळीच्या कडा भरतच नाहीत. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४१९ ला. म्हणून वितळवताना भांडं ३७० च्या वर जाऊ द्यायचं नाही आणि वर राहिलेले न वितळलेले तुकडे जाळीनं काढून टाकायचे. काम गॅरेजचं मोठं दार उघडं ठेवून, पंखा पाठीमागून बाहेरच्या दिशेनं, हातमोजे, चष्मा, आणि हात-तोंड धुतल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायचं नाही. वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घेतो. आणि रसाच्या आसपास पाण्याचा थेंब नको. उद्यमनगरात ओल्या पळीनं उडालेला रस मी दहाव्या वर्षी पाहिला आहे; कामगाराच्या हातावरचा डाग शेवटपर्यंत गेला नाही.

दोनशे गोळ्या एकेक करून तराजूवर ठेवल्या. साचा १८० ग्रेनचा (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक). वजनं निघाली १७८.६ पासून १८१.४ पर्यंत. हलक्या गोळ्या कापून बघितल्या तर काहींच्या पोटात टाचणीच्या डोक्याएवढी पोकळी. ही गोळी सेकंदाला साधारण १,७०० फुटांनी निघते, आणि माझ्या नळीत दहा इंचांत एक पेच आहे. म्हणजे मिनिटाला १ लाख २० हजारांवर फेरे. तेवढ्या वेगानं फिरणाऱ्या वस्तूत एका बाजूला पोकळी असेल तर ती सरळ कशी जाईल? मी ओतायची लय बदलली. साचा आधी तापवून घेतला, पहिल्या वीस सुरकुतलेल्या गोळ्या न बघता परत भांड्यात टाकल्या, साच्यावरचा जास्तीचं शिसं कापणारा कापा सरकवायच्या आधी मनात सहापर्यंत मोजलं, कारण घाई केली तर बुडाचं शिसं फाटतं. गोळीच्या नाकावरची बारीक खोट एक वेळ चालते, बुडाची धार मात्र अखंड हवी, कारण नळीतून बाहेर पडताना वायूचा शेवटचा धक्का तिथेच बसतो. फरक अर्ध्या ग्रेनवर आला. त्या रात्री मी त्या गोळ्या ओळीनं मांडून ठेवल्या आणि आण्णांना फोटो पाठवला.

शनिवारी चांगले ग्रुप आणखी चांगले आले. एक तर जेमतेम इंचाचा. आणि वाईट ग्रुप जसेच्या तसे, साडेतीन-चार.

हे वाचून कळायला हवं होतं. जे सुधारलं ते चांगल्यातच सुधारलं, वाईटाचं कारण भलतीकडेच होतं. पण त्या वेळी मी निराश झालो आणि समोर दिसेल त्या वस्तूला दोष देऊ लागलो. वंगण बदललं, मधमाशीचं मेण नि अलॉक्सचं नेहमीचं मिश्रण सोडून दुसरं आणलं. तीन आठवडे त्यात गेले.

आमच्या रेंजवर एक वयस्कर गृहस्थ येतात, पन्नास वर्षं शिसं ओतणारे. फारसं बोलत नाहीत. मी नळी साफ करत होतो तेव्हा बाजूला येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शिसं चिकटलंय एवढंच बघू नका, कुठं चिकटलंय ते बघा." तोवर मी सगळी नळी एकदम घासत होतो. त्या दिवशी बॅटरी घेऊन दोन्ही टोकांनी पाहिलं. तोंडाकडचा भाग स्वच्छ. करड्या रेघा होत्या त्या पाठीमागे, काडतूस बसतं त्याच्या लगेच पुढे, आट्यांच्या सुरुवातीला. वंगण कमी पडलं तर शिसं नळीच्या पुढच्या टोकाला चिकटतं, वंगण संपतं तिथे. सुरुवातीलाच चिकटतं ते गोळी बारीक असते तेव्हा. म्हणजे नळी सांगत होती की गोळी बारीक आहे, आणि माझा मायक्रोमीटर सांगत होता की नाही.

याच सुमारास वहीत आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. मी दह्याच्या डब्यांवर ओतल्याची तारीख लिहून गोळ्या ठेवतो. ज्या गोळ्या ओतून महिना झाला होता त्यांचे ग्रुप बहुतेक चांगल्यांत होते; ज्या आठवड्याभरात मारल्या त्या बहुतेक वाईटांत. अँटिमनीवालं शिसं ओतल्यावर दोन-तीन आठवडे कडक होत राहतं, हे मला माहीत होतं. कडक गोळीनं चांगलं मारावं हेही पटत होतं. पण इतक्या मध्यम वेगाला एवढा फरक पडायचं काही कारण दिसत नव्हतं. शिवाय अपवाद होते, महिन्याभराच्या गोळ्यांचाही एखादा ग्रुप फाटायचा.

रविवारी सकाळी आण्णांना फोन करतो, त्यांची तेव्हा संध्याकाळ असते. वय ७८, भट्टी बंद करून बारा वर्षं झाली, पण ओतकामाचा विषय निघाला की आवाज बदलतो. मी सगळं सांगितलं. रायफलीतलं त्यांना काही कळत नाही, तसं ते स्पष्ट म्हणतात. शांतपणे ऐकून त्यांनी विचारलं, "माप घेतलंस कुठं?"

"सायझरमधनं काढल्यावर, आण्णा."

"आणि उडवतोस कुठनं?"

"पुंगळीतनं."

"मग पुंगळीतनं काढून माप की. पॅटर्नचं माप घेऊन कास्टिंग पास करतोस व्हय?"

पॅटर्न म्हणजे वाळूत साचा उमटवायचा नमुना; तपासायचं असतं ते त्यातून निघालेलं कास्टिंग. फोन ठेवला आणि तसाच गॅरेजात गेलो. भरलेली काडतुसं उघडायला एक हातोडीसारखं साधन असतं. काडतूस उलटं अडकवून ठोकलं की गोळी सुटून येते. पहिली गोळी काढली. तिचा पुढचा पट्टा, जो पुंगळीच्या बाहेर राहतो, तो ०.३१०. मागचे पट्टे, जे पुंगळीच्या मानेत बसलेले होते, ते ०.३०८. दुसरी: मागे ०.३०७५. तिसरी: ०.३०९५. मी मायक्रोमीटर पुसला, शून्य तपासलं आणि परत मोजलं. तेच.

पितळी पुंगळीच माझी गोळी दाबून बारीक करत होती. तयार गोळ्यांसाठीच्या डायनं पुंगळीची मान आतून ०.३०६ च्या आसपास येते. तांब्याच्या कवचाची गोळी त्यात बसवली तर मान फाकते. मऊ शिशाची ०.३१० ची गोळी बसवली तर गोळीच हार मानते. आणि किती हार मानेल हे दोन गोष्टींवर ठरतं: शिसं किती ताजं नि मऊ आहे, आणि पितळ किती जुनं नि कडक आहे. पुंगळी जितक्या वेळा उडवाल आणि परत मापात आणाल तितकी तिची मान कडक होत जाते. माझ्याकडे रेंजवरून गोळा केलेल्या, वेगवेगळ्या बनावटीच्या, कुणी दोनदा तर कुणी दहादा उडवलेल्या पुंगळ्या एकाच पेटीत होत्या. ताजी गोळी आणि जुनी पुंगळी एकत्र आली की माप नळीच्या खाली जायचं. जुनी गोळी नि नवी पुंगळी आली की ग्रुप इंचाचा. पेटीतून हाताला येईल तसं भरत होतो, म्हणून कशाचाच मेळ लागत नव्हता.

चाळीस काडतुसं उघडली त्या दिवशी. दोन गोळ्यांच्या बुडाची तांब्याची वाटी, ज्याला गॅस चेक म्हणतात, ती पुंगळीतच अडकून राहिली, तेही लिहून ठेवलं. रात्री वहीत दोन रकाने आखले आणि एप्रिलमधली ती बरोबरची खूण खोडली.

कारण सापडलं असं वाटणं मला या चार महिन्यांत चारदा झालं होतं, म्हणून या वेळी सिद्ध करून घ्यायचं ठरवलं. कमी वेळा उडवलेल्या एकाच बनावटीच्या पुंगळ्या वेगळ्या काढल्या. ओतीव गोळ्यांसाठी वेगळा, दोन पायऱ्यांचा एक्सपांडर मिळतो. तो मान ०.३०८ पर्यंत उघडतो आणि तोंड त्याहून किंचित जास्त, म्हणजे गोळी बसताना शिसं खरवडलं जात नाही. मानांना ज्योतीवर क्षणभर तापवून मऊ केलं. हे करताना पुंगळीचं बूड कधीही तापू द्यायचं नाही, दाब सोसतं ते तिथलं कडक पितळ. ज्याला खात्री नाही त्यानं हे शिकल्याशिवाय करूच नये. अशा दहा, आणि जुन्या पद्धतीच्या जुन्या पुंगळ्यांत दहा. गोळ्या एकाच दिवशी ओतलेल्या, ताज्या. शेजारी-शेजारी दोन कागद लावले आणि एक इकडे, एक तिकडे अशी आळीपाळीनं मारली, म्हणजे नळी तापणं, वारा, माझा थकवा दोघांना सारखाच.

डावीकडे, जुन्या पुंगळ्यांचे दहा: पावणेचार इंच. उजवीकडे दहा: दीड.

पुढच्या शनिवारी त्याच जुन्या पुंगळ्या घेतल्या. मऊ केल्या, एक्सपांडर चालवला, ताज्या गोळ्या भरल्या. दहा गोळ्या, १.६ इंच. त्या दिवशी नळी साफ करताना आट्यांच्या सुरुवातीची करडी रेघ नव्हती. मी दोनदा चिंधी फिरवून पाहिलं. ते गृहस्थ तीन टेबलं पलीकडे होते. मी चिंधी उचलून दाखवली, त्यांनी मान हलवली आणि परत आपल्या दुर्बिणीला डोळा लावला.

आता प्रत्येक घाण्यात ५० ऐवजी ५२ काडतुसं भरतो. दुसऱ्या दिवशी त्यातली कुठलीही दोन उघडतो आणि मागच्या पट्ट्याचं माप वहीत दुसऱ्या रकान्यात लिहितो. पहिला रकाना सायझरचा, तो अजून आहे, पण त्यापुढे खूण करत नाही. परवाच्या घाण्याची नोंद: सायझरनंतर ०.३१०, पुंगळीतून ०.३१० आणि ०.३०९५.

२०० यार्डांवर मात्र अजून मी समाधानी नाही. ग्रुप आडवा तीन इंचांत राहतो आणि उभा पाचावर जातो. दारू पुंगळीच्या अर्ध्याच भागात आहे. काडतूस आडवं झाल्यावर ती पुढे सरकते की मागे राहते यानं गोळीचा वेग बदलतो असा संशय आहे. वेगमापक मागवला आहे. प्रत्येक गोळीआधी रायफल उभी करून, मग हळूच आडवी करून वीस मारणार, आणि नुसत्या तशाच वीस. पुन्हा दोन कागद, आळीपाळीनं. आण्णांनी विचारलं आहे की वेग मोजतो ती वस्तू नळीपासून किती अंतरावर ठेवणार. ते अंतर मी टेपनं मोजून वहीत पहिल्या ओळीत लिहून ठेवलं आहे.